पेप्सीमॅनची सीडी लागेना, मदत हवी आहे (तातडीने!!)

सात_रस्ता: प्लेस्टेशनवर पेप्सीमॅन हा गेम लागत नाही. सीडी ओरिजिनल, जपानहून मागवलीय, एक ओरखडा नाही. बाकीच्या सीड्या मस्त चालतात. रविवारी भाचे येणार आहेत, त्यांना सांगून बसलोय. काय करू ते लवकर सांगा.

होम_मैदान: कुठलं प्लेस्टेशन? 'लागत नाही' म्हणजे नेमकं काय होतं?

जुनं_ते_सोनं: सीडी वाचणारी लेन्स गेली, डोळे झाकून सांगतो. मशीन उलटं ठेवून लाव. आम्ही आमचं कायम उलटंच खेळलो.

सात_रस्ता: पहिलंच ओ, राखाडी. काकांनी दुबईहून आणलेलं. उलटं करून बघितलं, तेच होतंय.

होम_मैदान: तेच म्हणजे काय ओ? काळा स्क्रीन, मेनू, का मेसेज?

बाळीवेसकर: पेप्सीमॅन कशाला? ७ अपचा कूल स्पॉट खेळवा पोरांना. १९९३ चा, सेगाच्या गेम मशीनवर. लाल ठिपका गॉगल लावून समुद्रकिनाऱ्यावर उड्या मारतो, लै भारी. पेप्सीमॅनमध्ये नुसतं पळायचं.

जुनं_ते_सोनं: नुसतं पळायचं? लेव्हलच्या शेवटी तो अजस्र कॅन गडगडत मागे लागतो तेव्हा हात घामेजतात बे. आणि मधेमधे तो जाडा माणूस पेप्सी ढोसत बसलेला! १९९९ चा गेम आहे, टेंपल रनच्या १२ वर्षं आधीचा.

फिडो_फॅन: आपल्याकडे ७ अप म्हणजे जाहिरातीतला कार्टून फिडो डिडो. त्याचा पण गेम बनत होता सेगासाठी, बाजारात आलाच नाही.

सात_रस्ता: इथं माझं काय चाललंय, तुमचं काय! 'प्लेस्टेशनची सीडी घाला' असा मेसेज येतो. घातलीय की!

होम_मैदान: हे आधी सांगायचं ना राव. खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, त्यात एससीपीएचपुढे काय आकडा आहे?

सात_रस्ता: ९००२

होम_मैदान: मग लेन्स ठीक आहे. लेन्स मेली असती तर सीडी ओळखलीच नसती, सरळ मेनू आला असता. आणि ते उलटं ठेवायचं प्रकरण सुरुवातीच्या १००० च्या मॉडेलांचं. शेवटी २ म्हणजे युरोपचं मशीन. ० जपानचं, १ अमेरिकेचं. पेप्सीमॅन फक्त जपानात निघाला. मशीन आपल्याच भागाची सीडी घेतं, म्हणून तुझं मशीन ती सीडी घेणारच नाही.

सात_रस्ता: काहीही. नवी पेठेतल्या गेम पार्लरमध्ये रोज खेळायचो.

होम_मैदान: पार्लरवाले मशीनला कुठलीही सीडी चालावी म्हणून चिप मारून घ्यायचे, नाहीतर कॉपी केलेल्या सीड्या चालल्या नसत्या. त्या खालून चंदेरी असायच्या. तुझी ओरिजिनल उलटी करून बघ, काळी असेल. आता एक तर चिप मार, नाहीतर सीडीची इमेज (फाइलमधली हुबेहूब कॉपी) काढून कॉम्प्युटरवर डकस्टेशन या प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालव. इमेजच्या बिन आणि क्यू दोन्ही फाइली ठेव, प्लेस्टेशनची बायोस फाइल (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) पण लागेल.

जुनं_ते_सोनं: चिपसाठी मशीन खोलणार असशील तर हात लागलाच आहे तोवर लेन्सपण बदल.

सात_रस्ता: लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. सोलापुरात कुणाकडे आहे का?

होम_मैदान: यूएसबीवाला आहे माझ्याकडे. मेसेज कर. मशीन आणू नको, फक्त सीडी आण.

बाळीवेसकर: कूल स्पॉट जुन्या कॉम्प्युटरच्या डॉसवर पण होता. ड्राइव्हची भानगडच नाही.