मोतीबिंदूनंतर दूरचे स्वच्छ, पण जवळचे गेले : दुसऱ्या डोळ्यासाठी काय ठरवावे?

नमस्कार.

माझ्या आईचे वय ७२ आहे. तिच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांपूर्वी झाली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, डोळा लाल झाला नाही की दुखला नाही, आणि औषधाचे थेंबही आता बंद झाले आहेत. तरीही आई नाराज आहे आणि डाव्या डोळ्याला हात लावू द्यायला ती तयार नाही. तिचा हा नकार मला सुरुवातीला निव्वळ हट्ट वाटला होता, हे कबूल करतो. आता तसे वाटत नाही, म्हणूनच सविस्तर लिहीत आहे.

आईला शाळेत असल्यापासून उणे नंबर होता आणि गेली अनेक वर्षे तो दोन्ही डोळ्यांत उणे ६ च्या पुढे होता. चष्मा नसेल तर तिला दारात कोण उभे आहे हेही कळत नसे, पण जवळचे काम मात्र ती चष्मा काढूनच करायची. सुईत दोरा ओवायचा झाला की चष्मा कपाळावर सरकवायचा, सुई नाकापासून वीतभरही लांब नाही अशी धरायची, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायचे आणि पहिल्याच खेपेला ओवायचे, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. गोधडीचे टाके, तांदळातले खडे, कालनिर्णयच्या मागच्या पानांवरचा बारीक मजकूर, कशालाच तिला चष्मा लागत नसे. बरोबरीच्या बायका चाळिशी शोधत असताना आपण बिनचष्म्याने वाचतो, याचा तिला थोडा तोराही होता.

पट्टी काढली त्या दिवशी तिने पलंगावर पडल्या पडल्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे वाचले आणि पंखा इतका मळला आहे हे मला कुणी सांगितले का नाही, म्हणून सुनेला विचारले. आम्ही सगळे हसलो. चार दिवसांनी तिने सुई हातात घेतली तेव्हा सवयीने बोटे कपाळाकडे गेली, तिथे चष्मा नव्हता, आणि उजव्या डोळ्यासमोर धरलेल्या सुईचे भोक काही केल्या दिसेना. आता ती उजवा डोळा तळहाताने झाकते आणि डाव्या डोळ्याने, थोडे धूसर का होईना, वाचते. "दूरचं दिसायला लागलं, पण हातातलं गेलं. डाव्याचंही तसंच करणार असाल, तर मला नको," असे तिचे म्हणणे आहे.

डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की बसवलेले भिंग एकाच अंतरासाठी असते, ते दूरच्यासाठी ठरवले होते आणि निकाल उत्तम आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तक्रार एवढीच की, तुम्हाला दूरचे बिनचष्म्याने हवे की जवळचे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी आईला कुणी विचारला नाही आणि तो विचारायचा असतो हे आम्हालाही ठाऊक नव्हते. (भिंगाच्या कार्डावर अधिक १३ लिहिलेले पाहून, आपल्याला तेरा नंबरचा चष्मा लागणार, या समजुतीने ती दोन दिवस जेवली नव्हती. तो आकडा डोळ्यात बसवलेल्या भिंगाच्या शक्तीचा असतो, चष्म्याचा नव्हे, हे मलाही तेव्हाच कळले.)

नवीन नंबर असा आहे : उजव्या डोळ्यात दूरचा शून्य, तिरका नंबर पाऊण, वाचायला अधिक अडीच, डाव्यात उणे साडेसहा. दोन्ही नंबर घालून चष्मा केला, पण तो लावला की तिला गरगरते आणि जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात. दुकानदार सवय होईल म्हणतात. खरोखर सवय होते का? आणि डाव्या डोळ्यात भिंग बसवताना ते जवळच्यासाठी ठरवावे, की दोन्ही डोळे सारखे ठेवावेत, की जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवणारे महागडे भिंग घ्यावे?

प्रतिसाद

चष्म्याचे नंबर काढण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून लिहितो. त्या चष्म्याची सवय होणार नाही. आईंना उगाच दोष देऊ नका. दोन डोळ्यांच्या नंबरांत साधारण तीनच्या पुढे फरक गेला, तर चष्म्याच्या दोन काचांतून दिसणाऱ्या प्रतिमा लहानमोठ्या होतात आणि मेंदूला त्या जुळवता येत नाहीत. शिवाय खाली पाहताना नजर काचेच्या मध्यावरून सरकते, त्या जाड काचेतून वस्तू जागची हललेली भासते, म्हणून पायऱ्या दोन दिसतात. तो चष्मा घालून जिना उतरू देऊ नका.

डाव्या डोळ्यात जवळचे ठेवता येते. उणे अडीच ठेवले तर सुमारे ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसेल, म्हणजे पोथी, मोबाइल, ताटातले जेवण. पण आईंचे वीतभर अंतर परत येणार नाही, कारण ते उणे साडेसहाचे होते. सुई त्यांना हात लांब करून धरावी लागेल आणि बारीक टाक्यांना कदाचित चाळिशीही लागेल. हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्यांदा तीच निराशा पदरी येईल. एक डोळा दूरचा आणि एक जवळचा हे सगळ्यांना मानवत नाही, मात्र त्यांच्याबाबतीत ते आधी करून पाहता येते : डाव्या डोळ्यात सुमारे उणे ४ ची कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर घरात वावरू द्या, म्हणजे उरलेला नंबर उणे अडीचच राहील. लेन्स घालायला-काढायला घरातल्या कुणीतरी शिकून घ्यावे लागेल. दोन्ही अंतरांचे भिंग प्रकाश विभागते, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि फिकट रंगांतला फरक कमी कळतो. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात पडद्याची तपासणी झाल्याशिवाय त्याचा विचारही करू नये. अशा डोळ्यांना पडदा सुटण्याचा धोका अधिक असतो. वीज चमकल्यासारखे झाले किंवा अचानक काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक. ठरवलेला नंबर हुबेहूब तसाच येईल याची हमी कुणी देत नाही. साधारण लांबीच्या डोळ्याच्या मोजमापात १ मिलिमीटर चूक झाली, तरी अडीच नंबरांचा फरक पडतो. मात्र उजव्या डोळ्याचा निकाल हाताशी असल्याने डाव्याचे गणित बांधायला मदत होते. तो कागद सोबत न्या.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. लेन्स लावून पाहण्याची कल्पना आईला वाचून दाखवली. "आधी करून बघायचं असेल, तर चालेल," असे म्हणाली. महिनाभरातला हा तिचा पहिला होकार आहे. येत्या गुरुवारी वेळ घेतली आहे. तिने सुई-दोरा आणि तिची पोथी पिशवीत आतापासूनच भरून ठेवली आहे. कोणत्या अंतरावर काय दिसायला हवे ते ती डॉक्टरांना स्वतःच दाखवणार आहे. तो चष्मा कपाटात ठेवला आहे.