विरलेले तुकडे काढू नका
घरातली जुनी गोधडी विरायला लागली, ती कशी जपायची असं विचारलं की विरलेले तुकडे काढून नवे लावा आणि गोधडी मशीनमध्ये एकदा धुऊन घ्या, असं काही जण सुचवतात. कळकळीने सांगते, दोन्ही करू नका. कुणाच्या साडीचा काठ, कुणाचा सदरा, त्यावर नंतर कुणीतरी घातलेलं ठिगळ, हे सगळं मिळूनच तर ती गोधडी आहे. विरलेल्या जागेवर मिळत्याजुळत्या रंगाची तलम जाळी ठेवा आणि आजूबाजूच्या धड कापडाला बारीक सुईने टाचा. खालचा तुकडा दिसत राहतो, झडत नाही आणि पुढे जाळी काढताही येते.

अनेकदा काळे-तपकिरी तुकडेच आधी विरतात. पूर्वी या रंगांसाठी लोहाचे क्षार वापरत आणि ते हळूहळू धागाच खातात. त्यामुळे शेजारचा तुकडा शाबूत असतो आणि याचा भुगा होतो. वापरणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

ओली गोधडी इतकी जड होते की उचलताना स्वतःच्याच वजनाने टाके तुटतात. धूळच काढायची असेल तर वर जाळी धरून व्हॅक्यूम अगदी कमी जोरावर फिरवा. धुणं टळतच नसेल तर आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा कापूस दाबून रंग जातो का बघा. वाळवताना दोरीवर नको, सावलीत सपाट पसरा.

आणि कृपा करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका! धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा. घडी घालावीच लागली तर काही महिन्यांनी उलगडून दुसरीकडे मोडा, नाहीतर कापड घडीवरच चिरतं.