डब्ल्यूसीएफ क्लायंट यूझिंगमध्ये घालावा का?

रात्रपाळी:
सी-शार्पमध्ये जे डिस्पोज होतं (काम संपल्यावर आवरावं लागतं) ते यूझिंगमध्ये, म्हणजे ब्लॉक संपताच डिस्पोज आपोआप बोलावणाऱ्या रचनेत, घालायचं, हा आमच्या टीमचा नियम. डब्ल्यूसीएफच्या (सर्व्हिसशी बोलण्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कच्या) क्लायंटसाठी तो मोडाच, असं माझं ठाम मत झालंय. गेल्या आठवड्यात दोन दिवस लॉग उपसले. सगळीकडे एकच ओळ: चॅनल फॉल्टेड आहे, वापरता येणार नाही; म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी बिघडलीय. खरं कारण साधं होतं. नेट-टीसीपी जोडणीवरून येणारा रिपोर्ट फुगत फुगत ६५,५३६ बाइट्सच्या डिफॉल्ट मर्यादेबाहेर गेला होता. पण ब्लॉक संपताना डिस्पोज क्लोजला बोलावतं, आणि फॉल्टेड चॅनलवर क्लोज स्वतःच एक्सेप्शन (एरर) फेकतं. मूळ एक्सेप्शन त्याखाली गाडलं गेलं. म्हणून ट्रायमध्ये क्लोज, कॅचमध्ये अबॉर्ट (जोडणी तडकाफडकी तोडणं), हे हातानं लिहा.

अर्धविराम:
हातानं? दोनशे ठिकाणी? कुणीतरी एका जागी विसरणारच, आणि न मिटलेलं कनेक्शन त्याहून वाईट. डॉट नेट ३.५ मध्ये एकाच वेळी १० सेशन्स (क्लायंटच्या चालू जोडण्या) हा सर्व्हरचा डिफॉल्ट होता. अकरावा क्लायंट ताटकळत बसायचा. ते मी भोगलंय. यूझिंग निदान विसरू देत नाही.

रात्रपाळी:
१० चा मुद्दा मान्य, पण ४.० पासून तो आकडा प्रोसेसरमागे १०० झाला. आणि दोनशे ठिकाणी कशाला? एक हेल्पर मेथड लिहा, तिला लॅम्डा (चालवायचा कोड) द्या.

अर्धविराम:
मग त्यापेक्षा प्रॉक्सीचा (टूलनं बनवलेल्या क्लायंटचा) क्लास पार्शल, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये भर घालता येणारा, असतोच, त्यात आपलं डिस्पोज लिहा: फॉल्टेड असेल तर अबॉर्ट, नाहीतर क्लोज, आणि क्लोज फसलं तर गुपचूप अबॉर्ट. यूझिंग जसंच्या तसं राहतं.

रात्रपाळी:
त्या 'गुपचूप'लाच माझा विरोध आहे. सेशन असलेल्या चॅनलवर क्लोज म्हणजे सर्व्हरशी शेवटचं बोलणं. वन-वे (उत्तराची वाट न पाहणारे) कॉल्स असतील तर पाठवलेले मेसेज पोचलेच नसतील, याची पहिली खबर कधीकधी तिथेच मिळते. आमच्या गोदामाच्या नोंदी वन-वेच जातात. ते एक्सेप्शन गिळलं तर स्टॉक चुकेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

जुनं_खोड:
दोघांनाही एक सांगतो, हा यूझिंगचा नियम एचटीटीपी क्लायंटला लावू नका. तिथे दर कॉलला यूझिंग केलं की सॉकेट्स टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यानंतरच्या थांब्यात) काही काळ अडकून पडतात. लोड वाढला की पोर्ट संपतात. एकच स्टॅटिक क्लायंट ठेवला तर डीएनएसमधला (सर्व्हरच्या नावामागच्या पत्त्यातला) बदल कळत नाही. डॉट नेट कोअर २.१ पासूनची एचटीटीपी क्लायंट फॅक्टरी वापरा, ती डिफॉल्टनं दर दोन मिनिटांनी हँडलर (आतल्या जोडण्या सांभाळणारा भाग) बदलते.

अर्धविराम:
वन-वेचा मुद्दा पटला. तिथे क्लोज उघडपणे लिहीन. बाकी रिक्वेस्ट-रिप्लायला (उत्तर येणाऱ्या कॉल्सना) मात्र माझं पार्शल डिस्पोजच राहील.