मदत हवी आहे : फ्री डिशचं चित्र तुटतंय आणि नव्या टीव्हीचा आवाज जुन्या होम थिएटरवर येईना

मंडळी, नमस्कार. प्रश्न दोन आहेत, पण घर एकच आणि बघणारेही तेच, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

गाव जिंतूर तालुक्यात, परभणी जिल्हा. मी नोकरीला संभाजीनगरला, पंधरा दिवसाला गावी चक्कर होते. घरी अण्णा आणि माय. अण्णांचं वय ७८. सकाळी शेताकडं एक फेरी मारतात, बाकीचा वेळ बाजेवर बसून टीव्ही. सह्याद्रीच्या बातम्या, रात्री कीर्तन, आणि वर्षातून एकदा आषाढीची पंढरपूरची महापूजा. गुडघ्यांमुळं दोघांची पायी वारी बंद झाली, तेव्हापासून पहाटे उठून अंघोळ करून टीव्हीसमोर हात जोडून बसतात. आषाढी महिन्यावर आली. त्याच्या आत मला हे नीट करून द्यायचंय.

डिश गोठ्याच्या पत्र्यावर पाईप ठोकून बसवलेली, सहा-सात वर्षं झाली. इतक्या वर्षांत तक्रार नव्हती. यंदा पाडव्यानंतर चित्र तुटायला लागलं. आधी चौकोन पडतात, आवाज अडकतो, मग 'नो सिग्नल'. अकरा-बाराला सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत. रात्री नऊनंतर मात्र एकदम स्वच्छ. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थ ७५ ते ८० दाखवते, क्वालिटी कधी ६० तर कधी २०, आकडा सारखा नाचतो.

माझा समज असा की वावटळीत डिश हलली. मेकॅनिक दोनदा येऊन डिश फिरवून गेला, एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) नवीन टाकली. संध्याकाळी तो गेला तेव्हा चांगलं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. बॉक्स शेजारच्या काकांकडं नेऊन लावला, तिथं दिवसभर ठणठणीत चालला. केबल तेवढी बदललेली नाही. झाडाचं कुणी विचारेल म्हणून सांगतो, गोठ्याच्या कडेला लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड आहे. पण डिशचं तोंड त्याच्या फांद्यांच्या खालून मोकळ्या आभाळाकडं आहे.

दुसरा प्रश्न आवाजाचा. अण्णांना ऐकू कमी येतं. आवाज ५० वर नेला तरी म्हणतात, "आवाज येतोय रे, पर काय बोलायलेत ते समजना." डबा टीव्हीच्या काळातलं एक होम थिएटर घरात पडून आहे, दोन छोटे स्पीकर आणि एक बेसचा मोठा डबा. त्याला मागं लाल-पांढरी भोकं. नवीन ३२ इंची टीव्हीला लाल-पांढरं आऊटपुट नाहीच. दोन एचडीएमआय आहेत, त्यातल्या एकावर 'एआरसी' लिहिलंय, आणि एक 'ऑप्टिकल' आहे. दुकानदारानं ४५० रुपयांचा 'एचडीएमआय टू एव्ही' कन्व्हर्टर दिला. तो एआरसीच्या भोकात लावला, सगळी बटणं दाबून बघितली, आवाज शून्य. वरून वायरचं टोक हातात धरलं की झिणझिण्या येतात. घर जुनं, माळवदाचं. टीव्हीचा बोर्ड दोन पिनचा.

दोन्ही ठिकाणी माझं काय चुकतंय?

— प्रतिसाद, नांदेडहून

दादा, मी बरीच वर्षं डिश बसवायचं काम केलंय. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे : पाडव्यानंतर सुरू झालं आणि दुपारी होतं. लिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो आणि चैत्रात पालवी भरतो. दुपारी वारा सुटला की फांद्या हलतात, रात्री वारा पडला की थांबतात. क्वालिटीचा आकडा नाचतो तो त्याच्यामुळं. मागच्या वर्षापर्यंत फांद्या आड येत नव्हत्या, यंदा आल्या एवढंच.

"डिशचं तोंड फांद्यांच्या खालून आहे" हा समज भल्याभल्यांचा असतो. आपल्या घरगुती डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. त्या जिकडं तोंड करून उभ्या दिसतात, त्याच्या वीसेक अंश वर त्यांची नजर असते. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या परभणी-नांदेडकडून तो आग्नेयेला दिसतो, जमिनीपासून साधारण ६० अंश वर. म्हणजे जवळजवळ डोक्याकडंच.

मोजायला मशीन लागत नाही. घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर त्याच्या कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या घ्या. डिशजवळ उभं राहून छोटी बाजू आडवी धरा आणि तिरक्या बाजूवरून, ६० च्या कोनातून, आग्नेयेला बघा. मोबाईलच्या होकायंत्रावर १३८ अंशांच्या आसपास. त्या रेषेत पान दिसलं तर दोष पानाचा. सोपा हिशोब असा की डिशपासून झाड जेवढं दूर, त्याच्या पावणेदोन पटीपेक्षा ते डिशच्या वर उंच असेल तर अडवतं. झाड दहा फुटांवर असेल तर डिशच्या वर साडेसतरा फूट पुरे.

स्ट्रेंग्थकडं बघूच नका. एलएनबीला करंट मिळाला आणि केबलमधून काहीतरी खाली आलं की तो आकडा वर जातो. उपग्रह खरा पकडलाय का ते क्वालिटी सांगते. आणि डिश पत्र्यावर ठेवू नका. पत्रा उन्हानं ताणतो, वाऱ्यानं थरथरतो, आणि एवढ्या लांबच्या उपग्रहाला डिशचं बोटभर सरकणंही खूप झालं. भिंतीत पाईप घ्या. हात लागलेलाच आहे तर केबलची दोन्ही टोकंही बघा. पिनवर हिरवा थर असेल तर चार बोटं केबल कापून नवीन पिन घाला.

आता आवाज. तो कन्व्हर्टर एकाच दिशेनं चालतो. बॉक्स किंवा डीव्हीडीचं एचडीएमआय आत घेऊन जुन्या टीव्हीला लाल-पांढरा-पिवळा द्यायचा, एवढंच त्याचं काम. टीव्हीच्या एआरसीमधून उलटा येणारा आवाज त्याला कळत नाही. दुकानदारानं हे सांगायला पाहिजे होतं. पण तुम्हाला काहीच विकत घ्यायची गरज नाही. फ्री डिशच्या बॉक्सलाच मागं लाल-पांढरं आऊटपुट असतं. चित्र एचडीएमआयनं टीव्हीला जाऊ द्या, आणि बॉक्समधून लाल-पांढरी वायर सरळ होम थिएटरला लावा. बहुतेक बॉक्समध्ये दोन्ही एकदम चालतात. टीव्हीचा आवाज शून्य करा. पुढं मोबाईल किंवा पेनड्राइव्हचा आवाजही स्पीकरवर हवा झाला, तर 'ऑप्टिकल टू आरसीए' कन्व्हर्टर घ्या (आरसीए म्हणजे तीच लाल-पांढरी भोकं) आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' ठेवा. ते न केल्यामुळं नवीन कन्व्हर्टर परत करणारे मी खूप बघितलेत.

अण्णांसाठी बेसचा डबा जवळजवळ बंदच करा. वय झालं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, त, फ ही अक्षरं ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. बेस वाढवला की उरलेलेही शब्द दबतात. ट्रेबल वाढवा, दोन छोटे स्पीकर बाजेजवळ कानाच्या उंचीवर ठेवा. आणि एकदा त्यांचे कान तपासून घ्या, कधीकधी नुसता मळ असतो.

झिणझिण्यांचं मनावर घ्या. अर्थिंग नसलं की अशा यंत्रांच्या धातूच्या भागावर थोडा करंट उतरतो. वायरी जोडताना सगळे प्लग काढा. घरात अर्थिंगचा खड्डा असेल तर त्यात पाणी घाला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग नावालाच राहतं. वीज कडाडायला लागली की डिशची केबल बॉक्समधून काढून ठेवा, हे मायलाही शिकवून ठेवा.

— प्रतिसाद, अंबाजोगाईहून

वरच्या सगळ्याला दुजोरा. आमच्या इथल्या टॉवरवरून दूरदर्शन यायचं तेव्हा अँटेना गल्लीतलं कुणीही पोरगं फिरवायचं, इकडं-तिकडं झालं तरी मुंग्यांमधून चित्र दिसायचं. डिजिटलमध्ये तसं नाही, एका मर्यादेखाली गेलं की एकदम काहीच नाही. एकच विचारतो : लिंब छाटणार का?

— धागाकर्ता, दोन आठवड्यांनी

मंडळी, शनिवार-रविवार गावी जाऊन आलो.

पुतण्याचा गुण्या घेऊन पत्र्यावर चढलो. तिरक्या बाजूवरून बघितलं तर समोर नुसती हिरवी पालवी. सहा वर्षं मी त्या डिशकडं खालून बघत होतो आणि ती मोकळ्या आभाळाकडं बघते असं समजत होतो. मेकॅनिकलाही मनातल्या मनात बोल लावला होता. त्याची चूक नव्हती, तो दोन्ही वेळा वारा पडल्यावर आला होता.

छाटणीचं विचारलंत. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "टीव्ही बंद राहू दे, लिंबाला हात लावू नको." ते झाड माझ्या आजीनं लावलेलं. बहात्तरच्या दुष्काळात घरातली जनावरं गेली, झाड राहिलं. मग डिशच हलवली. माळवदाच्या पश्चिमेकडच्या भिंतीत पाईप पुरून सिमेंट केलं. तिथून आग्नेयेला मोकळं आहे. जुन्या केबलच्या पिनवर सांगितल्याप्रमाणं हिरवा थर होताच, तो कापला. पुतण्या खाली बॉक्ससमोर बसून आकडा ओरडत होता, मी वर केसाकेसानं डिश सरकवत होतो. ६८ वर घट्ट केली. रविवारी भर दुपारी चांगला वारा होता, आकडा ६६ च्या खाली आला नाही.

लाल-पांढरी वायर बॉक्समधून लावली. आधी आवाज आला नाही, कारण होम थिएटर डीव्हीडीच्या इनपुटवर होतं. ते बदललं, बेस पार खाली घेतला, दोन्ही स्पीकर बाजेच्या उशाकडच्या कोनाड्यात ठेवले. बातम्या लागल्या. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले. थोड्या वेळानं मायला म्हणाले, "पाऊस केरळात आलाय म्हणायलेत." माय माझ्याकडं बघून हसली. कानाची तपासणी पुढच्या महिन्यात परभणीला करणार आहे.

अर्थिंगच्या खड्ड्यात चार घागरी पाणी ओतलं, तारेचा सांधा घासून घट्ट केला, तीन पिनचा बोर्ड बसवला आणि टीव्ही, बॉक्स, होम थिएटर तिन्ही त्या एकाच बोर्डवर घेतलं. झिणझिण्या गेल्या. स्पीकरमध्ये बारीक गुणगुण यायची तीही गेली.

राहिलं ते एकच. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर आलं की तीच गुणगुण परत येते, आणि चांगली मोठी. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहरीची (साइन वेव्हची) नसते. त्यावर काही इलाज आहे का, की साइन वेव्हचाच घ्यावा लागेल? कुणी असा बदल करून बघितला असेल तर सांगा. आमच्याकडं लाईट नेमकी पहाटेच जाते, आणि महापूजा पहाटेच असते.