मदत हवी आहे : ब्रेलमधला ‘ठ’ की डब्ल्यू?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. भाचीला ब्रेल शिकवताना मीच शिकतेय, आणि गाडी एका अक्षरावर अडलीय. ब्रेलच्या घरातल्या सहा ठिपक्यांपैकी २-४-५-६ क्रमांकाचे उठावदार ठिपके मराठीत ‘ठ’, इंग्रजीत डब्ल्यू! १-४ मराठीत ‘च’, इंग्रजीत सी. ‘ण’ची तर कमालच, ३-४-५-६ म्हणजे अंकाची खूणसुद्धा तीच. गंमत म्हणजे शेजारच्या तेलुगू काकूंच्या ‘ठ’लाही तेच ठिपके, भारती ब्रेलमध्ये आपल्या भाषांचे सारखे उच्चार सारख्याच ठिपक्यांत बसवलेत. म्हणजे गोंधळ फक्त इंग्रजीशी.

मराठी वाक्यात मध्येच इंग्रजी शब्द आला, तर बोटांना कसं कळतं? दोन्ही लिप्या एकदम शिकवाव्यात, की आधी मराठी पक्की करावी? स्वतः ब्रेल वाचणाऱ्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.