नाशिक: पक्षी, वाइन आणि सिन्नर दोन दिवसांत जमेल?

पुणेरी फिरस्ता: जानेवारीत गाडीने येतोय. सासूबाईंना पक्षी बघायचेत, बायकोला वाइन चाखायचीय. गाडी मीच चालवणार, म्हणजे माझ्या नशिबी नुसती द्राक्षं! क्रम कसा लावू?

गोदाकाठची: वाटेत सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ बघा, मुक्काम निफाडकडे. भल्या पहाटे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर जा. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणी, रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं दिसतील. स्वेटर विसराल तर मेलात, निफाडची थंडी हाडात शिरते. वाइन दुपारनंतर, गंगापूर धरणाच्या बाजूला. शेनिन ब्लां या व्हाइट वाइनपासून सुरुवात करा.

पुणेरी फिरस्ता: सासूबाई विचारतायत, "घोटभर मलाही मिळेल ना?"

गोदाकाठची: मग दुर्बीण तुम्ही सांभाळा!