किनारा राखायचा तर मोबाइलचं कुलूप सरकारला उघडता यायला हवं का?

रापणवाला
सरकारचं 'संचार साथी' ॲप प्रत्येक नव्या हँडसेटमध्ये घालूनच विका, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी काढला आणि ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ते एक मिटलं. त्याहून मोठं भांडण २०२१ च्या आयटी नियमांतल्या ४(२) चं आहे. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने एखादा मेसेज देशात पहिल्यांदा कोणी टाकला ते सांगितलं पाहिजे, असा तो नियम. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथं सांगितलं की एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये असं कुलूप) तोडायला लावलंत तर आम्ही इथून निघालो.

आपल्या किनाऱ्यावर बसून मला ही मिजास पटत नाही. फेब्रुवारी १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते श्रीवर्धनजवळ शेखाडीला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली, आत एके-४७. २०२३ च्या ऑगस्टात दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशीला चरसची पाकिटं वाहत आली. योग्य परवानगी घेऊन पोलिसांना चॅट वाचता आलंच पाहिजे, असं माझं मत. विरोध असेल त्यांनी मुद्दे मांडावेत. 'खासगीपणा मूलभूत हक्क आहे' एवढं म्हणून निघून जाऊ नये.

खाजणातला खेकडा
तिन्ही उदाहरणं तुमच्याच अंगावर उलटतात.

शेखाडीला माल उतरला तेव्हा देशात मोबाइल सेवाच नव्हती, ती १९९५ ला आली. माल उतरला कारण कस्टम्स आणि पोलिसांतल्या काही जणांनी पैसे खाल्ले. विशेष टाडा न्यायालयाने त्यांना त्यासाठी शिक्षा दिल्यात. हरिहरेश्वरची बोट ओमानजवळ खलाशांना उतरवून घेतल्यावर सोडलेली, ती वाऱ्या-प्रवाहाने इथवर आली. तिच्यात चॅट करायला माणूसच नव्हता. चरसची पाकिटं लाटांनी आणली. यातलं कुठलं व्हॉट्सॲप उघडून थांबलं असतं, ते सांगा.

२६/११ तर उलटच. हल्लेखोरांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले कॉल आपल्या यंत्रणा हल्ला चालू असताना ऐकत होत्या. ती संभाषणं पुढे खटल्यात पुरावा म्हणून आली. म्हणजे ऐकू येत होतं. तोकडी पडली ती त्याआधीची समुद्रातली गस्त.

रापणवाला
ते तेव्हाचं. आजचा सूत्रधार साधा कॉल करील कशाला? आणि सगळं बाहेरूनच येतं असंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं. अफवा फिरली मोबाइलवरच. ती पहिल्यांदा कोणी सोडली हे विचारायचा हक्क सरकारला नको?

बंदरावरचा बाबू
रापणवाल्यांशी सहमत. विरोधकांपैकी किती जणांनी नियम वाचलाय ते कळत नाही, म्हणून लिहितो. ४(२) खाली मजकूर मागता येत नाही, फक्त पहिला पाठवणारा कोण ते. तेही देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण असल्या गुन्ह्यांत. कमी त्रासाचा दुसरा उपाय असेल तर हा आदेश काढताच येत नाही. न्यायालयाचा आदेश लागतो किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा सरकारी. खासगीपणा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने (२४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती) कायदा, वैध हेतू आणि प्रमाणशीरपणा या कसोट्या घालून दिल्या. हा नियम त्यात बसवूनच लिहिलाय.

सिग्नल नाही राव
बाबू, नियम कागदावर छान आहे. तो फोनमध्ये कसा बसवणार ते बघू. जरा लांब होईल.

सिग्नल आणि व्हॉट्सॲप दोघांचा प्रोटोकॉल एकच, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना लागू झाला एप्रिल २०१६ ला. खासगी किल्ली फोनमध्ये तयार होते आणि फोनमध्येच राहते. प्रत्येक मेसेजला नवी किल्ली लागते. सर्व्हरवर पोचतो तो गिचमिड. कंपनीकडे नाही ती वस्तू मागून मिळणार नाही. मिळावी म्हणून ॲप बदलावं लागेल, आणि तो बदल संशयितापुरता राहत नाही. पावसच्या शाळेतल्या बाईंच्या फोनमध्येही तो येणार.

पहिला पाठवणारा शोधायच्या दोन वाटा सुचवल्या गेल्यात. एक, प्रत्येक मेसेजचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) साठवायचा. पण मेसेजमध्ये एक स्वल्पविराम वाढवला की हॅश पूर्ण वेगळा. फोटो पुन्हा सेव्ह केला, स्क्रीनशॉट काढला, तरी तेच. दुसरी वाट आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे मांडली : मूळ पाठवणाऱ्याची ओळख मेसेजसोबतच चिकटवायची. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्यातली भोकं दाखवली. फॉरवर्डचं बटण न दाबता मजकूर कॉपी करून चिकटवला की नवा 'मूळ पाठवणारा' तयार. शिवाय बदललेलं ॲप वापरणारा दुसऱ्याचंच नाव चिकटवू शकतो.

आणि नियमातलं पुढचं वाक्य वाचा. मेसेज परदेशातून आला असेल तर भारतात तो ज्याने पहिल्यांदा पाठवला तोच मूळ पाठवणारा धरायचा. दुबईतल्या कोणी खेडच्या मावशीला क्लिप पाठवली, तिने घाबरून भावकीच्या ग्रुपवर टाकली. आरोपी कोण? मावशी.

राईनपाड्यानंतर खरा फरक पडला तो फॉरवर्डच्या मर्यादेने. २०१८ ला भारतात एका वेळी पाच चॅट, एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. त्यासाठी कोणाचं पत्र फोडावं लागलं नाही. आणि ग्रुपमधल्या एकाने जरी मेसेज 'रिपोर्ट' केला तरी त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे उघडे जातात. ज्याला मेसेज मिळाला त्याचा फोन हाच पुरावा असतो.

मागच्या दाराबद्दलही ऐका. पोलिसांसाठी ठेवलेलं दार पोलिसांपुरतं राहत नाही. २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधली कायदेशीर टॅपिंगचीच सोय वापरून पंतप्रधानांसह शंभरावर जणांचे फोन ऐकले गेले. ऐकणारे ग्रीक सरकारचे नव्हते. २०२४ मध्ये अमेरिकेत 'सॉल्ट टायफून' नावाच्या चिनी टोळीने टेलिकॉम कंपन्यांमध्ये शिरून कोर्टाच्या आदेशाने चालणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणेलाच हात घातला.

बुरोंडीची पोर
एवढं सगळं कुलूप आणि चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर उघडा! एन्क्रिप्टेड बॅकअप २०२१ पासून आहे, पण तो आपणहून चालू करावा लागतो : सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मिळते, ती हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देत नाही. टेलिग्रामवाल्यांनी तर बोलूच नये. तिथं साधं चॅट एंड-टू-एंड नसतंच, 'सीक्रेट चॅट' निराळं उघडावं लागतं.

देवगडचो माड
आधी आमच्या वाडीत टावर येवंदे, मगे काय ता वाचा.

बंदरावरचा बाबू
माडा, तुझाही मुद्दा येतोच पुढे.

सिग्नल, तांत्रिक भाग मान्य. पण तुम्ही सगळे म्हणता की पोलिसांकडे इतर वाटा आहेत. त्या वाटाही बुजताहेत. चालू फोन हाती आला आणि एकदा तरी कोड टाकून उघडलेला असेल, तर किल्ल्या मेमरीत असतात, तपासयंत्राला काहीतरी मिळतं. बंद होऊन परत चालू झाला आणि कोड टाकलेला नसेल, तर जवळजवळ काहीच मिळत नाही. आता आयफोन (आयओएस १८.१ पासून) तीन दिवस कुलूपबंद पडला तर आपोआप रीस्टार्ट होतो. ॲन्ड्रॉइडवरही गूगलने २०२५ मध्ये तेच आणलं. जप्तीनंतर पंचनामा, सील, प्रयोगशाळेची रांग यात तीन दिवस सहज जातात. सहा अंकी कोड म्हणजे दहा लाख शक्यता, पण सुरक्षा चिप प्रत्येक चुकीला थांबवते आणि मालकाने ठेवलं असेल तर दहा चुकांनंतर सगळं पुसते. तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदाराने काय करायचं?

सिग्नल नाही राव
कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्च वॉरंट घेऊन फोन उघडायला लावता येईल असं म्हटलंय. दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये उलट म्हटलं की पासवर्ड डोक्यातली माहिती आहे, संविधानाचं कलम २०(३) (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही) आड येतं. बोटाच्या ठशाला मात्र हे संरक्षण नाही, १९६१ च्या काठी कालू निकालापासून तसंच आहे. म्हणून ज्यांना काळजी आहे त्यांनी नाक्यावर पोचण्याआधी बोट-चेहऱ्याचं कुलूप बंद करावं. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं. ॲन्ड्रॉइडवर पॉवर मेनूत 'लॉकडाउन'.

आणि हवालदाराचा खरा खजिना चॅटमध्ये नाही, सीडीआर-आयपीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदींमध्ये आहे. कोणी कोणाला, कधी, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून, हे कंपन्यांना दोन वर्षं ठेवावं लागतं. टू-जीचा टॉवर ३५ किलोमीटरपर्यंत धरतो, म्हणजे जवळजवळ १९ सागरी मैल. तेवढ्या अंतरापर्यंत बोटीवरचा फोन कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूला आणि किती लांब, हे नेटवर्कला साडेपाचशे मीटरच्या पायऱ्यांत कळतं. हे वाचायला एन्क्रिप्शन तोडावं लागत नाही. आयपीडीआर मागताना फक्त आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) लिहू नका, पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहा. एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक असतात, मग भलत्याच्याच घरी गाडी जाते.

खाजणातला खेकडा
आणि ज्याच्यावर खरंच पाळत ठेवायची आहे त्याचं एन्क्रिप्शन सरकारला नडतच नाही. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरला लिंक दाबायचीही गरज नसते. फोनमध्येच शिरून, मेसेज कुलूपबंद होण्याआधी पडद्यावरचं वाचतं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत कसलं तरी मालवेअर सापडलं, ते पेगॅससच आहे असं ठरवता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं न्यायालयातच सांगण्यात आलं (ऑगस्ट २०२२). या सरकारी सवयीवर आणखी एक किल्ली द्यायची?

मिऱ्याबंदर
तांडेलांना (बोटीच्या म्होरक्यांना) विचारा. बोट कुठे आहे ते कळवणारा ट्रान्सपॉन्डर बसवतोच आहोत, देशात एक लाख बोटींची योजना आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला तिचा शुभारंभ झाला. वादळाचा इशारा मिळतो, एसओएस पाठवता येतो, म्हणून कोणी फार कुरकुरत नाही. समोर दिसणारं यंत्र आहे, काय घेतं ते माहीत आहे. मासळीची जागा मात्र तांडेल दुसऱ्या बोटीला सांगत नाही, ती फक्त आपल्या माणसांच्या ग्रुपवर जाते. तो ग्रुप उघडा झाला तर अतिरेकी सापडतील की नाही ठाऊक नाही, जागा मात्र नक्की फुटेल.

रापणवाला
मिऱ्याबंदर, हा मुद्दा पटला. चॅट वाचण्यावरचा माझा आग्रह मी 'ठराविक माणूस, ठराविक फोन, ठराविक मुदत' एवढ्यावर आणतो. पण टॅपिंगच नको म्हणणाऱ्यांशी जमणार नाही.

सिग्नल नाही राव
टॅपिंगच नको असं इथं कोणी म्हटलेलं नाही. आदेश तपासतो कोण, हा प्रश्न आहे. साठ दिवसांचा आदेश, वाढवून १८० पर्यंत, सही गृहसचिवांची. वर पुनर्विलोकन समिती, तिच्यात सगळे सचिवच. डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात लिहिलंय की ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तिच्यापुढे असतात. आठ तास बसले तरी एका आदेशाला दोन सेकंदही धड येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या प्रकरणात एका उद्योजकाचे टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच तिथं नव्हता. तो माणूस हायकोर्टात गेला म्हणून कळलं.

बंदरावरचा बाबू
मग सहीला न्यायाधीश द्या, माझी ना नाही. फक्त रात्री दोन वाजता दिघी खाडीत बोट शिरतेय म्हणून खबर आली तर कोणाला उठवायचं ते लिहून ठेवा. आज निकडीच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी आदेश देऊ शकतो, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं, सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी आली नाही तर बंद.

सिग्नल नाही राव
ती निकडीची सोय ठेवा. त्या सात दिवसांत कागद सचिवाऐवजी सत्र न्यायाधीशापुढे जाऊ द्या.

देवगडच्या माडासाठी : फोनमधलं टू-जी बंद करायची सोय ॲन्ड्रॉइड १२ पासून काही हँडसेटमध्ये आहे (सिमच्या सेटिंगमध्ये). बनावट टॉवर बहुतेक वेळा फोनला टू-जीवरच ओढतात, म्हणून ती कामाची. पण घाटाखाली जिथं टू-जीच येतं तिथं बंद केलंत तर कॉल लागायचे नाहीत. आपत्कालीन कॉल तेवढा जातो.

देवगडचो माड
म्हंजे आमका दोन्ही वाटां बंदच.